शिवॉन, नीव, टाइग आणि मंडळी : आयरिश नावांचा धागा

मु_पो_कॉर्क (धागाकर्ती)

नोकरीसाठी आयर्लंडला येणाऱ्यांच्या धाग्यावर नावांच्या उच्चारांवरून बरंच अवांतर झालं. तिथे घरभाडं, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि चांगली कणीक कुठे मिळते ही चर्चा सुखाने चालू द्या. नावांसाठी हा वेगळा धागा काढतेय. मी इथे एका बाह्यरुग्ण विभागात आहे. बाहेर बसलेल्यांची नावं पुकारणं हा रोजच्या कामाचाच भाग, त्यामुळे हा विषय अंगात भिनलाय.

आधी स्पेलिंगची धास्ती घालवू. आपल्या माणसाला बी-एच दिसलं की तो ‘भ’ म्हणणारच; भोसले आणि भास्कर आपण तसेच लिहीत आलोय. म्हणून एस-आय-ओ-बी-एच-ए-एन हे आपल्या तोंडी ‘सिओभान’ आणि एन-आय-ए-एम-एच हे ‘निआम्ह’. खरे उच्चार शिवॉन आणि नीव. लोकांना वाटतं हा आयरिश लहरीपणा आहे. अजिबात नाही, पक्का नियम आहे. आयरिशची जुनी वर्णमाला अठराच अक्षरांची. जे, के, व्ही, डब्ल्यू, वाय, झेड यांचा तिच्यात पत्ता नाही. ‘व’चा ध्वनी मात्र भाषेत भरपूर. ‘ब’ किंवा ‘म’ मऊ पडून ‘व’ झाला की जुन्या लिपीत त्या अक्षराच्या डोक्यावर टिंब देत. विसाव्या शतकाच्या मध्याला छपाई रोमन वळणाची झाली, टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच येऊन बसला. तो एच वाचायचा नसतोच, त्याने आधीच्या अक्षराला वाकवायचं असतं. डी-एच आणि जी-एच तर पुष्कळदा स्वरात विरघळूनच जातात, म्हणून टी-ए-डी-एच-जी म्हणजे टाइग. आणि एसशेजारी ई किंवा आय आला की ‘श’. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मी यादी सुटते.

आता नावांकडे. मला गंमत वाटते ती ही, की जे नाव सगळ्यात अस्सल आयरिश वाटतं तेच बरेचदा परक्याचं निघतं. शॉन घ्या. सिनेमात आयरिश माणूस दाखवायचा तर तो शॉन नाहीतर पॅडी. पण शॉन आणला इंग्लंडवर राज्य करणाऱ्या फ्रेंचभाषी नॉर्मन लोकांनी, ११६९ नंतर. त्यांच्या फ्रेंचमधला ‘जेहान’, म्हणजे जॉन, आयरिश तोंडात आला. तिथे ‘ज’ नव्हता, तर ‘श’वर भागवलं. जेहानचं स्त्रीरूप ती शिवॉन, आणि तिचंच लाडिक रूप शिनेड. बरं, हाच जॉन त्याच्या कितीतरी आधी चर्चच्या लॅटिनमधून एकदा येऊन गेला होता. तो ओअन. एकाच घरात शॉन आणि ओअन सख्खे भाऊ असतात आणि दोघांचं नाव मुळात एकच असतं, याचं कोणाला काही वाटत नाही.

हे नॉर्मन आले कसे? लेन्स्टरचा (आयर्लंडच्या पूर्वेकडचा प्रांत) गादीवरून उतरवलेला राजा डिअरमिड मॅकमरो त्यांना मदतीला घेऊन आला आणि त्यांचा सरदार स्ट्राँगबो याला त्याने आपली मुलगी दिली. साल ११७०, गाव वॉटरफर्ड, मुलीचं नाव ईफा. डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत या लग्नाचं भिंतभर चित्र आहे. शहर पडलंय, खाली प्रेतांचा खच आणि मधोमध लग्न लागतंय. आज इथल्या प्रत्येक वर्गात एखादी ईफा आणि एखादा शॉन असतोच. त्याच लग्नाची पाहुणेमंडळी म्हणायची.

पॅट्रिकचं तर आणखी वेगळं. नाव लॅटिन, पॅट्रिशियस. आणि संत पॅट्रिकच्या देशात कित्येक शतकं मुलाचं नाव नुसतं पॅट्रिक ठेवायला लोक धजत नसत. गिला फॉड्रिग किंवा मेल फॉड्रिग ठेवायचे. गिला म्हणजे सेवक. मेल म्हणजे मुंडण केलेला, अर्थात भक्त. रामदास, दत्तदास याच घाटाची नावं. नुसता पॅट्रिक सर्रास झाला तो सतराव्या शतकापासून पुढे. मेरीचंही तसंच. येशूच्या आईचं नाव ‘मुइरे’ तिच्यापुरतंच राखून ठेवलेलं. घरातल्या लेकीला ‘मॉर्या’.

अस्सल जुनी नावं बहुतेक रंगांची, जनावरांची, नाहीतर आगीची. किअर म्हणजे काळा, त्यावरून कीरन. रोन म्हणजे सील मासा (मासा नव्हे खरं तर, पण मराठीत दुसरं काय म्हणायचं), त्यावरून रोनन. ए म्हणजे आग, त्यावरून एडन. शेवटचा ‘अन’ आणि ‘ईन’ हा आपल्या ‘बाळ्या’तल्यासारखा लहानपणाचा प्रत्यय. अशीन म्हणजे हरणाचं पाडस. त्याची आई साइव हिला एका काळ्या जादूगाराने हरिणी केलं होतं. वीर फिन मॅककूलला हा पोर स्लायगोच्या बेन बुल्बन डोंगरावर सापडला. मोठेपणी याच अशीनला नीव (नावाचा अर्थ तेज) पांढऱ्या घोड्यावर बसवून चिरतारुण्याच्या बेटावर घेऊन गेली. त्याला वाटलं तीन वर्षं झाली. परत आला तर इकडे तीनशे उलटलेली. कोणाला तरी दगड हलवायला मदत करताना घोड्याचा तंग तुटला, पाय जमिनीला लागला आणि क्षणात जख्ख म्हातारा झाला. या अशीनचा मुलगा ऑस्कर. हो, तोच. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या मॅकफर्सनने या कथा आपल्या पद्धतीने रंगवून छापल्या, नेपोलियन त्यांच्या प्रेमात पडला, त्याने आपल्या एका सेनापतीच्या मुलाला ऑस्कर नाव दिलं आणि तो पुढे स्वीडनचा राजा झाला.

आणि सीर्शा? अर्थ ‘स्वातंत्र्य’. ऐकायला पुराणातलं वाटतं, पण हे मुलीचं नाव म्हणून विसाव्या शतकातलं आहे, स्वातंत्र्यलढ्याच्या वाऱ्याबरोबर आलेलं. अजून बरंच आहे. तुम्ही विचारा, मला आठवेल तसं सांगते.

गवतीचहा

वाखु (वाचनखूण) साठवली. नीव आणि अशीनची गोष्ट वाचून रेवतीचे वडील आठवले. ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला, आणि खाली येतो तो युगं उलटलेली. फक्त आपल्याकडे राजा म्हातारा झाला नाही आणि रेवतीला बलराम मिळाला. आयरिश मंडळी शेवट गोड करत नाहीत का कधी?

मु_पो_कॉर्क

गवतीचहा, फारसा नाही. लीर राजाच्या चार मुलांना सावत्र आईने (तिचंही नाव ईफा, बरं का) नऊशे वर्षं हंस करून ठेवलं. तीनशे वर्षं तळ्यात, तीनशे समुद्रात, तीनशे एका बेटापाशी. माणूस झाली तेव्हा इतकी जरठ की लगेच गेली. त्यातली थोरली बहीण फिनूला, अर्थ ‘गोऱ्या खांद्यांची’. आता नुसती नूला म्हणून ती इथे घरोघर सापडते.

तिरफळ

वराडकरांचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणजे काय! लिओ वराडकर, दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान, वडील आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर, आई वॉटरफर्डकडची नर्स. २०१९च्या डिसेंबरात घरची मंडळी घेऊन गावी येऊन गेले तेव्हा अख्खं वराड रस्त्यावर होतं. आमच्या ‘कर’वाल्या आडनावात गाव असतं. त्यांच्या ‘ओ’ आणि ‘मॅक’मध्ये काय असतं?

मु_पो_कॉर्क

तिरफळ, गाव नसतं, पूर्वज असतो. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. १०१४ साली क्लोन्टार्फच्या लढाईत पडलेला राजा ब्रायन बोरू, त्याचे वंशज ते ओ ब्रीअन. ‘ओ’नंतरचं ते वरचं स्वल्पविराम इंग्रज कारकुनांची देणगी, मुळात ओवर नुसती तिरकी रेघ आहे, दीर्घ उच्चाराची.

खरी मेख बायकांच्या नावात. मुलगी ‘ओ’ लावूच शकत नाही, नातू कशी होणार ती? ती ‘नी’ लावते. नी व्रीअन, म्हणजे ब्रायनच्या वंशातली लेक. आणि लग्न करून त्या घरात आलेली सून ‘ई व्रीअन’. मुळातल्या ‘ब’चा ‘व’ झाला ते पाहिलंत ना? गायिका एन्याचं पूर्ण नाव एन्या नी व्रेनॉन, डोनेगॉलच्या ग्वीडोरची. आयरिशमध्ये नाव लिहिलेलं असलं की बाई माहेरच्या नावाने वावरतेय की सासरच्या, हे एका अक्षरावरून कळतं.

आर्यपुत्र_७

उत्तम माहिती. पण मूळ मुद्दा राहिला. आयर्लंडला त्यांच्या भाषेत ‘एरा’ म्हणतात, ते उघडच ‘आर्य’ आहे. हे सगळे इथूनच गेलेले. राजा म्हणजे ‘री’, नाव म्हणजे ‘अन्यम’. आणखी काय पुरावा हवा?

खवचट_खारीक

धागा आता काश्मीरला निघाला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

भाषाभ्रमर

काश्मीरला जायच्या आधी थांबवतो. आर्यपुत्र, ‘री’ आणि ‘अन्यम’ बरोबर आहेत. ‘एरा’ चूक. आयरिश आणि संस्कृत एका आजीच्या नाती आहेत. नातीने नातीला जन्म दिला असं कोणी म्हणत नाही. ‘एरा’चं जुनं रूप ‘ईवेरिऊ’, त्याच्याही आधी सुरुवातीला ‘प’ होता. सेल्टिक भाषांनी मूळचा ‘प’ गिळून टाकला. पितृ तिकडे ‘अहिर’ झाला, पूर्णचा ‘लॉन’. तो ‘प’ परत लावून पाहिलात तर देशाच्या नावाचं संस्कृत भावंड ‘आर्य’ निघत नाही, ‘पीवरी’ निघतं. म्हणजे पुष्ट, धष्टपुष्ट, सुपीक जमीन. तिथल्या गाईम्हशी, म्हणजे गाईच, बघितल्या तर पटेलही.

नावांत मात्र खरी नाती भरपूर आहेत आणि ती जास्त रसाळ आहेत. रूरी, इंग्रजीतला रोरी. रूअ म्हणजे लाल, री म्हणजे राजा, लाल राजा. रूअ आपल्या ‘रुधिर’चा भाऊ आणि री ‘राजन्’चा. ब्रीड, म्हणजे ब्रिजिड, आधी देवी आणि मग संत. जुनं रूप ब्रिगांती, अर्थ उंच, थोर. आपली ‘बृहती’ तीच. २०२३पासून तिच्या नावाने फेब्रुवारीच्या सुरुवातीला सार्वजनिक सुट्टी असते.

सगळ्यात भारी मेव. पुराणातली, पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांताची राणी. नवऱ्याबरोबर अंथरुणात पडल्या पडल्या संपत्ती कोणाची जास्त यावरून वाद घालते, हिशेब सारखा निघतो, फक्त त्याच्याकडे एक बैल जास्त. तर तसाच बैल मिळवायला उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर स्वारी करते. नावाचा अर्थ ‘धुंद करणारी’, मूळ शब्द मध, मद्य. संस्कृतात ‘मधु’. फ्रेंच पंडित जॉर्ज द्यूमेझिलने तिला थेट महाभारतातल्या माधवीशेजारी बसवलं. ययातीची मुलगी, गालवाने गुरुदक्षिणेच्या घोड्यांसाठी तीन राजांकडे आणि मग विश्वामित्राकडे फिरवलेली. इकडेही मेव नावाच्या राणीशी लग्न लागल्याशिवाय राजाला राज्य मिळत नाही, आणि ती एकामागून एक राजे करते. द्यूमेझिलचं म्हणणं, नावातली मदिरा ही राज्याभिषेकाची मदिरा. माझ्या मते फरक मोठा आहे. माधवीला कोणी विचारलं नाही. मेव कोणाला विचारत नाही.

गवतीचहा

शेवटच्या दोन वाक्यांना दंडवत.

भाषाभ्रमर

एक राहिलंच. कॉनर, मूळ रूप ‘क्रोहूर’च्या जवळपास उच्चारतात. कू, कॉन म्हणजे शिकारी कुत्रा. कॉनर म्हणजे कुत्र्यांची आवड असलेला असा अर्थ लावतात. सगळ्यात मोठा वीर कू हुलिन. त्याचं नावच मुळी ‘कुलनचा कुत्रा’. लहानपणी त्याचं नाव शेटांटा. कुलन लोहाराचा राखणदार कुत्रा त्याच्या हातून मेला, तेव्हा म्हणाला, दुसरा तयार होईपर्यंत मीच राखण करतो.

खवचट_खारीक

कुत्र्यावरून पोरांची नावं? आपल्याकडे कुणी ठेवलं असतं का हो?

भाषाभ्रमर

ठेवतात की. शौनक. शुनकाचा वंशज तो शौनक, आणि शुनक म्हणजे कुत्रा. पुण्यात एका सोसायटीत दोन सापडतील. शुनःशेप तर विचारूच नका. आणि ‘श्वन्’ आणि ‘कू’ हेही एकाच मुळाचे. बारशाला अर्थ सांगताना आपण फक्त ‘थोर ऋषी’ एवढंच सांगतो.

खवचट_खारीक

माझ्या भाच्याचं नाव शौनक आहे. रविवारी जेवायला जातोय. धन्यवाद.

डब्लिनकर_दादा

इंग्रजांनी या नावांचं काय केलं ते लिहायला हवं, नाहीतर हे सगळं फारच गोडगोड होतंय.

१३६६ सालचे किल्केनीचे कायदे. आयर्लंडमध्ये वसलेल्या इंग्रजांनी आयरिश नावं ठेवायची नाहीत, असं त्यात स्पष्ट कलम. म्हणजे ते ठेवत होते, म्हणून तर बंदी. शंभर वर्षांनी, १४६५ला, उलटं. डब्लिनच्या आसपासच्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घ्यायचं. कायद्यातच यादी दिलेली: एखाद्या गावाचं घ्या, नाहीतर रंगाचं, पांढरा, काळा, तपकिरी, नाहीतर धंद्याचं, लोहार, सुतार, आचारी.

पहिल्या नावांची वाट पुढे लागली. पाद्री आणि कारकून नोंदवहीत आयरिश नाव लिहीत नसत. जवळपासच्या आवाजाचं बायबलमधलं किंवा लॅटिन नाव चिकटवत. टाइगचा टिमथी केला, कॉनरचा कॉर्नेलियस, डिअरमिडचा जेरेमाया, ‘ए’चा (वर आग म्हणून आलेला) ह्यू, ओवनचा युजीन. अर्थाशी काडीचा संबंध नाही. टाइग म्हणजे कवी. टिमथीत कवी कुठून येणार? आणि हे नाव एवढं घरोघर होतं की आयरिशमध्ये ‘बाजारातला टाइग’ म्हणजे आपला सोम्यागोम्या. उत्तर आयर्लंडमध्ये पुढे त्याचीच कॅथलिकांसाठी शिवी झाली. ब्रिजिडचं तेच. अमेरिकेत घरकाम करायला गेलेल्या आयरिश पोरींना मालकिणी सरसकट ‘बिडी’ म्हणायच्या, नाव काहीही असो. मग त्या पोरींनी आपल्या लेकींची नावं ब्रिजिड कशाला ठेवावीत?

१८९२ला डग्लस हाइडने भाषण केलं, इंग्रजीपणा सोडा म्हणून, आणि नावांवर चांगलंच तोंडसुख घेतलं. पुढच्या वर्षी कॉनरा ना ग्वेल्ग ही संस्था निघाली, गावोगाव आयरिशचे वर्ग सुरू झाले. त्या वर्गांत लोकांनी नावं बदलली. पुढे आयर्लंडचा पंतप्रधान झालेला डि व्हॅलेरा, बाप्तिस्म्याचा एडवर्ड, तिथे एमन झाला. त्याला आयरिश शिकवायला जेन फ्लॅनगन नावाची मास्तरीण होती, ती शिनेड झाली. दोघांचं पुढे लग्न झालं. हाइड १९३८ला देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

आता माझी आवडती गोष्ट. १९०५. डोनेगॉलचा नील मॅक गिला व्रीद. (वर गिला आलाय, त्यावरून आडनाव लावा: ब्रिजिडच्या सेवकाचा मुलगा.) कायदा असा, की गाडीवर मालकाचं नाव वाचता येईल अशा अक्षरांत रंगवलेलं हवं. याने आयरिशमध्ये रंगवलं. पोलिसांनी खटला भरला: नाव वाचता येत नाही. प्रकरण डब्लिनच्या वरच्या कोर्टात गेलं. नीलचा वकील कोण, तर पॅट्रिक पिअर्स, पुढे १९१६च्या उठावानंतर इंग्रजांनी ज्याला गोळ्या घातल्या तो. वकील म्हणून गाजलेला त्याचा हा एकच खटला, आणि तोही हरला. आयरिश अक्षरं ही ‘वाचता येणारी’ अक्षरं नव्हेत असं कोर्टाने ठरवलं. आख्ख्या गावाला येत होती वाचता.

तिरफळ

पाट्यांचे वाद जगभर सारखेच म्हणायचे.

मु_पो_कॉर्क

दादा, +१. टिमथीसारखाच आमच्या कॉर्कमधला एक नमुना देते. गबनेट. बाळिव्हर्नीची संत, मधमाश्या पाळणाऱ्यांची रक्षणकर्ती, ११ फेब्रुवारीला अजून जत्रा भरते. नावात लोहार आहे, गबा म्हणजे लोहार. इंग्रजीत तिची कुठे ॲबिगेल केली, कुठे डेबोरा. आता डेबोराचा हिब्रूत अर्थ मधमाशी! इतक्या मोडतोडीत हे एकच भाषांतर जमलेलं दिसतं. नाव मात्र आता म्हाताऱ्या बायकांतच उरलंय. चार वर्षांची गबनेट कधी पुकारावी लागलेली नाही. उलट फीआ, म्हणजे रानातलं, हरणासारखं, हे आजीच्या पिढीला ठाऊकही नसलेलं नाव २०२१ला मुलींच्या यादीत देशात पहिलं आलं. मुलग्यांत बरीच वर्षं जॅकच पहिला येत होता. तिथे आईबापांची कल्पनाशक्ती संपते बहुतेक.

ओटीवरची_मावशी

मुलांनो, मला एक सांगा, तिकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे का? आमच्याकडे होती. माझ्या थोरल्याला सासऱ्यांचं नाव ठेवलं, विश्वनाथ. आता सासऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं कसं? त्यामुळे मी त्याला जन्मभर ‘भाऊ’ म्हटलं. शाळेत बाईंनी नाव विचारलं तर मी पाटीवर लिहून दाखवलं.

मु_पो_कॉर्क

मावशी, अगदी हीच पद्धत. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. नाव न घेण्याची अडचण मात्र त्यांना नाही. त्यांची अडचण वेगळी: एका वाडीत पाच-पाच चुलत भाऊ एकाच आजोबाच्या नावाचे, आडनावही एकच. पोस्टमनने करायचं काय? मग पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या भागात बापाचं आणि आजाचं नाव ओळीने जोडतात. पॉजिन वॉर्चिन हॉन, म्हणजे शॉनच्या मार्टिनचा पॉजिन. वडील लवकर गेलेले असले, किंवा आईच घर चालवणारी असली, तर मध्ये आईचं नाव येतं. आडनाव कोणी उच्चारतही नाही, ते फक्त पेन्शनच्या कागदावर.

भाषाभ्रमर

‘शॉन’चा ‘हॉन’ का झाला ते सांगा की, नाहीतर लोक टंकलेखनातली चूक समजतील.

मु_पो_कॉर्क

हो, षष्ठी लागली ना. ‘शॉनचा’ म्हणताना सुरुवातीचा ‘श’ मऊ होऊन ‘ह’. मार्टिनचाही ‘म’ तसाच ‘व’ झाला. हाक मारतानाही तेच: शॉनला बोलवायचं तर ‘अ हॉन!’ आपणही रामला ‘रामा’ म्हणतोच, फक्त आपण शेपूट बदलतो आणि ते तोंड. शेमसला हाक मारताना होतं ‘अ हेमिश’. स्कॉटलंडमधला हेमिश म्हणजे अशी हाकच ऐकून लिहून घेतलेला शेमस.

होऊ_घातलेला_बाबा

सगळा धागा एका दमात वाचला. लिमरिकमध्ये आहोत, पुढच्या महिन्यात बाळ येतंय. मुलगा की मुलगी माहीत नाही. आईबाबांना मराठी नाव हवंय, बायकोला शाळेत वाकडंतिकडं होणार नाही असं हवंय. दोन्हीकडे चालेल असं काही आहे का? नील डोक्यात आहे.

डब्लिनकर_दादा

नील उत्तम. त्यांचा नील म्हणजे ‘नीअल’, पाचव्या शतकातल्या नऊ ओलीस ठेवणाऱ्या राजाचं नाव. अर्थावर पंडितांचं एकमत नाही. आपला नील रंगाचा. दोघांचा काही संबंध नाही, पण शाळेत कोणी विचारणार नाही. स्पेलिंग साधं ठेवा, नाहीतर नीअल आणि नील यांत पोरगा अडकेल.

भाषाभ्रमर

तारा बघा. त्यांची तारा म्हणजे मीथ परगण्यातली टेकडी, जिथे थोर राजांची गादी होती. आपली तारा आकाशातली. योगायोग, पण दोन्हीकडची आजी खूश. शीलाही चालेल: त्यांची शीला ही लॅटिन सिसिलियाचं आयरिश रूप आहे. पण ऑस्ट्रेलियात जाणार असाल तर नको; तिकडे शीला म्हणजे कोणतीही बाई.

मु_पो_कॉर्क

किरण सुचवणार होते, मुलगा-मुलगी दोन्हीला चालतं. फक्त इथे तो कीरन होणार, म्हणजे मुलगाच समजणार, आणि अर्थ ‘काळासावळा’. आपल्याकडे उजेड, त्यांच्याकडे अंधार. मुलगी झाली तर उना पण गोड आहे, आयरिश आहे आणि मराठीत लिहायला सोपं.

ओटीवरची_मावशी

उना नको गं. ‘उणा’ ऐकू येतं. तारा छान आहे. ताराबाई म्हटलं की पुढचं काही बोलायला नको.

होऊ_घातलेला_बाबा

बायकोला तारा आवडलं! मुलगा झाला तर परत येतो. आता एक शेवटचं, आमच्या घरमालकीणबाईंचं नाव. ईमेलमध्ये बी-एल-ए-टी-एच-एन-ए-आय-डी असं आहे. मी अजून त्यांना ‘हॅलो’ एवढंच म्हणतो.

मु_पो_कॉर्क

ब्लॉनिड. टी-एच गायब. ब्लॉ म्हणजे फूल, छोटं फूल. पुराणातल्या ब्लॉनिडने केरीच्या डोंगरातल्या गडावरून ओढ्यात दूध ओतून कू हुलिनला खूण केली आणि नवऱ्याला मारवलं. मग नवऱ्याच्या कवीने तिला कवेत घेऊन कड्यावरून उडी मारली. त्यामुळे नाव कितीही नाजूक असलं तरी भाडं वेळेवर देत जा.